ॲफिलिएटच्या भरवशावर नोकरी सोडू का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय. थोडक्यात त्याचा प्रश्न असा: "दादा, बी.कॉम. झालोय. उद्यमबागेत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे, हातात १४,००० येतात. रविवारी खानापुरातल्या तीन-चार दुकानांचं बिलिंग आणि जीएसटीचं बघून देतो. ॲफिलिएट मार्केटिंगचा १८,००० चा कोर्स आहे, घेऊ का? मराठीत चालतं का? पगाराएवढे पैसे यायला किती महिने लागतील? तसं जमलं तर नोकरी सोडीन म्हणतो."

नोकरी सोडू नको आणि कोर्सही घेऊ नको. घाईत असशील तर एवढं वाचून थांबलास तरी चालेल. पण तुझ्या प्रश्नात एक वाक्य असं आहे, ज्याकडे तुझं स्वतःचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. त्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. बेळगावच्या शहापुरात माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. २०१७ पासून दुकान सांभाळून ॲफिलिएटचं काम करतो. आज त्यातून घराचा किराणा, वीजबिल आणि पोरीची शाळेची फी निघते. दुकान मात्र बंद केलेलं नाही, करणारही नाही, कारण यूट्यूबवर मी जे काही सांगतो ते सगळं त्या दुकानातूनच येतं.

ॲफिलिएट म्हणजे काय, तर दलाली. त्या शब्दाला लाजायचं कारण नाही, आपल्या मार्केट यार्डात अडत्या तेच करतो. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक तू आणून द्यायचं, सौदा झाला की तुला टक्का. ॲमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. भारतात त्यांचं दुकान २०१३ ला उघडलं, तेव्हापासून आपल्याकडेही ती रुळली. तुझ्या नावाची खूण असलेली लिंक मिळते. त्या लिंकवरून कुणी गेलं आणि चोवीस तासांत काही घेतलं, किंवा निदान कार्टमध्ये टाकून नंतर घेतलं, की कमिशन तुझं. पंचविसाव्या तासाला तोच माणूस परत आपणहून गेला तर तुझा काही संबंध नाही. अडत्याचं निदान तोंड तरी ओळखीचं असतं, इथे तेही नाही.

आता हिशेब. तू अकाउंट्सचा माणूस आहेस, तुला आकडेच पटतील. समज, एका ऑर्डरची सरासरी किंमत ६०० रुपये आणि कमिशन ४ टक्के. काही मालाला याहून जास्त मिळतं, मोबाइलसारख्या मालाला फारच कमी, आणि दर कंपनी मनाला येईल तेव्हा बदलते. म्हणजे एका ऑर्डरमागे २४ रुपये. तुझे १४,००० काढायला महिन्याला ५८३ ऑर्डरी लागतील. दहातली एक परत जाते असं धर, परत गेलेल्या मालावर कमिशन नसतं. झाल्या साधारण ६५०. लिंकवर गेलेल्या शंभरातले पाच जण खरेदी करतात असं धरलं तर १३,००० लोकांनी लिंक दाबायला हवी. पाहणाऱ्या शंभरातले चार लिंक दाबतात असं धरलं, तर सव्वातीन लाख लोकांनी तुझं काम पाहायला हवं. दर महिन्याला. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेच्या हद्दीतली सगळी वस्ती पाच लाखांच्या आत होती, म्हणजे अंदाज येईल.

हे धरलेले आकडे आहेत, तुझे निराळे निघतील. पण कोर्सवाला हा हिशेब फळ्यावर कधी मांडत नाही, तो फक्त स्वतःच्या खात्याचे स्क्रीनशॉट दाखवतो.

कोर्सचं इथेच संपवतो. त्या माणसाला एवढंच विचार: तुमची कमाई कुठला माल विकून होते? बहुतेक वेळा उत्तर निघतं, हाच कोर्स. तू १८,००० भरणार, मग तोच कोर्स चुलत भावाला आणि मित्राला विकून त्यातलं कमिशन खाणार. माल नाही, नुसती माणसं जोडायची आणि पैसे फिरवायचे, याला आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. सगळेच कोर्स तसले असतात असं नाही. पण चांगल्या कोर्समध्ये जे शिकवतात ते फुकट मिळतं, आणि जे फुकट मिळत नाही ते कोर्समध्येही नसतं. ते असतं तुझ्या हाताखालून रोज जाणाऱ्या कामात. आणि व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा असा मेसेज आला तर ते ॲफिलिएट नव्हे, फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा.

माझी सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण ती चुकीची झाली.

पहिलं वर्षभर मी 'सर्वात चांगल्या दहा शिलाई मशीन' असले लेख लिहिले. कंपनीच्या पानावरची माहिती उचलायची, मराठी करायची, खाली लिंक. त्या दहातल्या सात मशीन मी हाताने कधी उघडूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या. अकरा महिन्यांत मिळाले २,३४० रुपये. बायको म्हणाली, एवढ्या वेळात दोन मशीन जास्त दुरुस्त केल्या असत्यास तर. खरं होतं.

त्यातही एका कंपनीचं ॲफिलिएट खातं बंद पडलं. थोरल्या बहिणीने अनगोळहून माझ्या लिंकवरून मिक्सर घेतला, मेव्हण्याने मोबाइल घेतला, मी स्वतः ड्रिल मशीन घेतलं. घरच्या घरी कमिशन, वाटलं बरंच आहे की. एके दिवशी मेल आला, खातं बंद, जमलेलं कमिशन जप्त. स्वतःची आणि नातेवाइकांची खरेदी चालत नाही हे नियमात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्यामुळे कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, दोष माझा. त्यानंतर मी प्रत्येक कंपनीचे नियम छापून काढतो आणि पेन घेऊन वाचतो. दुकानाच्या काउंटरवर लिंकचा क्यूआर कोड चिकटवायची माझी हौस अशीच वाचताना गेली: ॲमेझॉनला लिंक छापील कागदावर चालत नाही. तुलाही ती कल्पना सुचणारच, म्हणून सांगून ठेवतो. त्यांच्या वस्तूची किंमत आपण स्वतः टाइप करायची नाही, तिथले रिव्ह्यू उचलायचे नाहीत, आणि खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं आपोआप बंद होतं. म्हणून पाहणारे येऊ लागल्यावरच खातं उघड. आधी उघडून घड्याळ लावून बसायचं कशाला?

मग गाडी रुळावर आली ती एका सुईमुळे.

वडगावची एक बाई तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आली. मशीन नवं आहे, पण टाका सुटतोय. दोनदा मी दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, नीट करून दिलं होतं. या खेपेला सुई काढून बघितली, तर ती डीबी १ ची. अख्खा दांडा गोल. ती कारखान्यातल्या मोठ्या मशीनची सुई. घरच्या काळ्या मशीनला एचए १ लागते, तिचा दांडा एका अंगाने चपटा असतो. दांडा गोल असला की सुई फिरून कशीही बसते, शटलचं टोक दोऱ्याचा फास पकडत नाही आणि टाका गळतो. बाईंनी ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून शंभर सुयांचा डबा मागवला होता. डबा परत करायची मुदत गेलेली.

त्या दिवशी दुपारी मी मोबाइल खुंटीला टांगला, दोन सुया तळहातावर ठेवल्या आणि दांडा नखाने कसा चाचपायचा ते दाखवलं. पातळ कापडाला ११ नंबर, ब्लाउजच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६, जीन्सला १८. चार मिनिटांचा व्हिडिओ. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, मधेच दिवे गेलेत, तसाच टाकला. खाली बरोबर सुईची लिंक.

सुईच्या पाकिटावर मला पाच-सहा रुपये सुटतात. पण ज्या बाईचं मशीन त्या व्हिडिओने चालू झालं, तिने पुढच्या वेळी विचारलं, दादा, कात्री कुठली घेऊ? मग मोटर कुठली बसवू? वर्षाने, पिको-फॉलचं मशीन घेऊ का, आणि घेतलं तर घरात चालेल का? त्या चोवीस तासांत तिने कार्टमध्ये कुकर टाकला तरी त्याचंही कमिशन मिळतं, हा या धंद्यातला गमतीचा भाग. एका महिन्यात माझी सगळ्यात मोठी कमाई बाळाच्या पाळण्यावर झाली होती. पाळण्याबद्दल मी आयुष्यात एक शब्द बोललेलो नाही.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. काउंटरवर एक वही. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'मशीन जड चालतंय', 'खालचा दोरा गोळा होतोय', 'सासूचं मशीन आहे, विकू की मोटर लावू?' हेच शब्द व्हिडिओचं नाव. लोक शोधताना असेच शोधतात, आणि बरेचदा मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत टाइप करतात नाहीतर मोबाइलशी सरळ बोलतात. 'शिलाई यंत्राच्या सर्वसामान्य समस्या' असं नाव दिलंस तर कुत्रं फिरकणार नाही.

आता मराठीत चालतं का? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. तू बेळगावात बसून बोललास तरी ऐकणारा गडहिंग्लजचा, सांगलीचा, लातूरचाही असतो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला उलट एक फायदा आहे. माझ्याकडे बैलहोंगल, गोकाकहून येणारी माणसं कन्नडमध्ये विचारतात, चिकोडी-निपाणीकडची दोन्ही मिसळून बोलतात. मी व्हिडिओ मराठीत करतो, पण भागांची नावं कन्नडमध्येही सांगतो आणि खाली कन्नडमध्ये दोन ओळी लिहितो. आपल्याला लहानपणापासून जे फुकट येतं, ते पुण्यातल्या माणसाला पैसे देऊन करून घ्यावं लागेल. आणि आपली बोली लपवू नको. मी सुरुवातीला बातम्या दिल्यासारखं बोलायचो. एका बाईंनी फोनवर सरळ विचारलं, "दादा, दुकानात चांगलं बोलतास की, व्हिडिओत असं काय करूलास?" त्या दिवसापासून सोडून दिलं.

मराठीची एक अडचण मात्र खरी आहे. मराठीत जाहिरातीचे पैसे कमी येतात आणि महागडा माल घेणारा माणूस शेवटचा तपास बहुतेक वेळा हिंदी-इंग्रजीत करतो. म्हणून मराठीत 'कुठला घेऊ' पेक्षा 'घेतलाय, चालत नाही, काय करू' हे प्रश्न जास्त चालतात. दुरुस्ती सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो, आणि पुढची खरेदी ते त्याला विचारून करतात.

पैसे कधी येतात, तेही ऐकून ठेव. आज विक्री झाली तर परतीची मुदत जाऊन, महिना संपून, खात्यात रक्कम पडायला साधारण दोन महिने जातात. ठरावीक रकमेच्या आत असेल तर पुढे ढकलली जाते. काही छोट्या कंपन्या स्वतःचे प्रोग्राम चालवतात, टक्का मोठा दाखवतात. अशा एकीने माझे चार महिन्यांचे पैसे 'ट्रॅकिंग झालं नाही' म्हणून दिलेच नाहीत. म्हणून नव्या कंपनीची लिंक आधी एकाच ठिकाणी लाव, पहिले पैसे हातात पडू देत, मग पुढचं.

कराचं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस, तरी तीन गोष्टी सांगतो. वर्षाला २०,००० च्या वर कमिशन गेलं की कंपनी २ टक्के कर आधीच, टीडीएस म्हणून, कापते, तेव्हा पॅन नीट जोडलेला ठेव. सेवेच्या उलाढालीला कर्नाटकात जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, तिथे पोचलास तर मला मिठाई म्हणून कुंदा पाठवून दे. आणि अंदाजे नफा धरून कर भरायची जी सवलत छोट्या धंद्यांना आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून खर्चाची पावती आणि वही हवी. बरेच जण इथे फसतात.

लिंकमधून तुला पैसे मिळतात हे लोकांना सांगावंच लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी सूचना काढल्या आहेत, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत ते सांगायचं असतं. मी व्हिडिओच्या सुरुवातीलाच म्हणतो, "खालच्या लिंकवरून घेतलं तर मला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत." सुरुवातीला भीती वाटायची की लोक लिंक सोडून सरळ जातील. झालं उलटंच. काही जण मुद्दाम फोन करून विचारतात, तुमच्या लिंकवरूनच घेतोय, आले का बघा.

आता तुझ्या प्रश्नातल्या त्या वाक्याकडे येतो. 'रविवारी खानापुरातल्या तीन-चार दुकानांचं बिलिंग बघून देतो.' अरे, तुझी वही तर तिथे आहे!

किराणा दुकानदार तुला काय विचारतो, आठव. बिलाचा प्रिंटर दोन इंची घेऊ की तीन इंची? ब्लूटूथचा मोबाइलला जोडला जातो का? पावत्या सहा महिन्यांत पांढऱ्या का पडल्या? बारकोडचा स्कॅनर आमच्या जुन्या संगणकाला चालेल? दिवे गेले की बिल कसं काढू? यातल्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एक वस्तू आहे, आणि तिची किंमत माझ्या सुईसारखी शंभर रुपये नाही, हजारांत आहे. प्रिंटर घेतला की रोल लागतात, आणि रोल सारखे लागतात. बिलिंगची सॉफ्टवेअरं विकणाऱ्या काही कंपन्याही गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला कमिशन देतात. वर मांडलेल्या हिशेबात ६०० च्या जागी ३,००० घालून बघ, तेवढ्याच कमाईला माणसं पाचव्या हिश्श्याने लागतात.

पण माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. माझ्या कमाईत आज निम्म्याहून कमी पैसे लिंकचे आहेत. बाकीचे येतात ते व्हिडिओ बघून लोक माझ्याकडेच येतात म्हणून. कुणी चंदगडहून मशीन गाडीत घालून आणतं. मी स्वतः निवडलेल्या सुया, बॉबिन आणि बॉबिन केसची पाकिटं करून स्पीड पोस्टने पाठवतो, त्यात चाळीस रुपये सुटतात, जिथे लिंकमधून सहा सुटत होते. लोक नेमकं काय आणि किती घेतात हे मला लिंकच्या अहवालातूनच कळलं, म्हणून कुठला माल दुकानात भरायचा ते डोळे झाकून ठरवता आलं. तुझ्याही बाबतीत दुकानदार आधी प्रिंटर तुझ्या लिंकवरून घेईल, मग म्हणेल, तूच येऊन बसवून दे, आणि महिन्याचा हिशेबही तूच बघ. त्या कामाचे पैसे कुठल्याही कंपनीच्या टक्क्याहून जास्त असतील. ते लिंकचे नसतील, तुझ्या नावाचे असतील. मी तर म्हणेन, ॲफिलिएटकडे धंदा म्हणून बघू नको. धंदा कुठला करायचा ते शोधायचं ते स्वस्त साधन आहे.

खर्च? सहा महिने एका माइकशिवाय एक रुपयाही नको. मोबाइल आहेच. शर्टाला अडकवायचा माइक हजारभराचा घे, नाहीतर जुलैत तुमच्याकडच्या पावसात आवाजच येणार नाही. स्वतःची वेबसाइट वर्षाने बघू. आठवड्याला एक व्हिडिओ, रविवारी दुकानातच काढायचा, मालकाची परवानगी घेऊन आणि त्याची बिलं, गिऱ्हाइकांची नावं-नंबर दिसणार नाहीत असं बघून. यूट्यूबनेही २०२४ मध्ये भारतात व्हिडिओतच वस्तू जोडून कमिशन मिळवायची सोय फ्लिपकार्ट आणि मिंत्राबरोबर सुरू केली आहे, पण त्याला आधी चॅनेल थोडं वाढावं लागतं. आत्ता त्यात डोकं घालू नको.

किती महिने, याचं उत्तर राहिलं. मला महिन्याला हजाराचा आकडा दिसायला दीड वर्ष लागलं. तुझा विषय माझ्यापेक्षा बरा आहे, तुला वर्षात दिसेल असं मला वाटतं. पगाराएवढे एकट्या लिंकमधून कधी येतील यावर मी पैज लावणार नाही. लिंक आणि दुकानदारांची कामं दोन्ही मिळून सलग बारा महिने पगाराएवढे आले, त्यातले दोन पावसाळ्याचे मंदीचे महिनेही तरले, की मग घरात नोकरीचा विषय काढ. तोवर महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हेच तुझं भांडवल. माणूस अडला की पहिल्यांदा खोटी शिफारस करतो, वाईट माल चांगला म्हणून खपवतो, आणि खानापुरासारख्या गावात ते एकदाच करता येतं.

पहिला व्हिडिओ कुठला करायचा तेही सांगून टाकतो, नाहीतर तू चॅनेलचं नाव ठरवण्यात महिना घालवशील. बिलाच्या कागदाला मसाला एकाच बाजूने लावलेला असतो. रोल उलटा बसला की प्रिंटर घरघर करतो, कागद बाहेर येतो आणि कोरा निघतो. दुकानदाराला वाटतं प्रिंटर गेला. कागदावर नखाने ओढून बघायचं, ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती बाजू छपाईची. येत्या रविवारी दोन रोल टेबलावर ठेव, कॅमेरा हातावर धर आणि एवढंच दाखव.